तळपायातलं विष

विरंगुळा केंद्राच्या मोठ्या हॉलमध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, कारण सगळी जागा पायांनीच अडवली होती. कपडे पोटऱ्यांपर्यंत वर सारून म्हातारी मंडळी खुर्च्यांवर रांगेत बसली होती. कुणाच्या टाचांना भेगा, कुणाच्या घोट्याला सूज, तर कुणाचे अंगठे भांडण झालेल्या भावांसारखे एकमेकांकडे पाठ करून बसलेले. खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते. रांगेच्या टोकाला एक निळा टब, टबात गरम पाणी, पाण्यात एक लोखंडी गुंडाळी, तिच्यापासून निघालेली वायर लुकलुकत्या दिव्यांच्या पेटीत गेलेली. आणि त्याच पाण्यात केंद्राच्या अध्यक्षांचे पाय. बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेले अध्यक्ष इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून असे ताठ बसले होते, जणू कुणी त्यांचा पुतळा उभारतंय आणि चौथरा तेवढा चुकून टबाचा निघालाय.

“डोळे मिटू नका,” टबाशेजारी उभा असलेला माणूस म्हणाला. “विष लाजाळू असतं. उजेडात ते बाहेर यायला बघत नाही. पण एकदा आलं, की लपत नाही.”

या माणसाला सगळे ‘चरणगुरू’ म्हणत. पांढरा कोट, कोटावर रुळणारी पांढरी दाढी, आणि आवाज असा, की त्याने नुसतं हवामान वाचून दाखवलं तरी ऐकणाऱ्यांनी हात जोडावेत. त्याने टबात चमचाभर पांढरी पूड टाकली, तिला तो ‘चेतनाक्षार’ म्हणे, आणि पेटीचं बटण दाबलं.

पाणी आधी पिवळसर झालं. मग चहासारखं. मग चहाचं भांडं आठवडाभर घासलं नाही तर दिसतं तसं. वर गढूळ फेस धरला. हॉलमधून एकच सुस्कारा उठला.

“बाप रे! साहेबांच्या अंगात एवढं होतं?”

“बँकेत होते ना,” मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं.

“देह म्हणजे काय?” चरणगुरूंनी हात पसरले. “देह म्हणजे चार मजली इमारत! डोकं म्हणजे गच्ची, पोट म्हणजे स्वयंपाकघर, आणि तळपाय म्हणजे? गटार! गटार तुंबलं तर वास कुठे जातो? वरच्या मजल्यावर! तुम्हाला हल्ली माणसांची नावं आठवत नाहीत ना? तो वास आहे!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. नावं कुणालाच आठवत नव्हती.

“आणि हे काळे ठिपके कसले हो?” अध्यक्षांनी पाण्यात बघत काळजीने विचारलं.

“ती वर्षानुवर्षं गिळलेल्या गोळ्यांची राख. डॉक्टर आत टाकतो, मी बाहेर काढतो. आता दोघांत तुमचा कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा.”

दारात उभी राहून सिस्टर हे सगळं बघत होती. काखेत तक्त्यांची गुंडाळी, खांद्याला रक्तदाब मोजायच्या यंत्राची पिशवी. सरकारी आरोग्य केंद्राने तिला इथे दर आठवड्याला ज्येष्ठांसाठी आरोग्यवर्ग घ्यायला नेमलं होतं. वर्ग याच इमारतीतल्या छोट्या खोलीत भरे, याच वेळेला. सुरुवातीला खोलीत खुर्च्या कमी पडत. चरणगुरूंचं शिबिर सुरू झाल्यापासून मात्र तिच्यासमोर तीनच माणसं उरली होती. त्यातले एक आजोबा त्या खोलीतला पंखा चांगला म्हणून येत आणि पहिल्या तक्त्यालाच झोपी जात. दुसऱ्या होत्या ग्रंथपालबाई. त्यांचा एक कान पूर्ण गेला होता, दुसरा जायच्या वाटेवर होता. पण शिकवत असताना उठून जाणं त्यांना असभ्य वाटे. आणि तिसरे ड्रायव्हरकाका. उभी हयात बस चालवलेला, काठी टेकत, डावा पाय जरा ओढत चालणारा, जिभेला ब्रेक नसलेला माणूस.

“आजचा विषय, जेवणातलं मीठ,” सिस्टरने तक्ता लावला.

“पलीकडे टाकतायत तेच ना?” ड्रायव्हरकाका म्हणाले. “मी परवा चाटून बघितलं. चेतनाक्षार म्हणे! आमच्या घरी तो बरणीत असतो.”

“काय म्हणाले?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“मीठ म्हणाले,” सिस्टर ओरडून सांगायला गेली, तेवढ्यात भिंतीपलीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्या गदारोळात तिला एक आवाज ओळखीचा वाटला. अगदी घरचा. ती तशीच हॉलच्या दाराशी गेली.

टबात पाय सोडून, गालावर हात ठेवून, कौतुकाने पाण्याकडे बघत बसल्या होत्या तिच्या सासूबाई. ज्या सकाळी “मैत्रिणीकडे जाऊन येते गं” असं सांगून घराबाहेर पडल्या होत्या.

सिस्टर तशीच मागे फिरली. चारचौघांत सासूची उलटतपासणी घ्यायला नर्सचं धैर्य पुरत नाही. त्याला वकिलाचं लागतं.

संध्याकाळी मात्र दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर आल्या.

“आई, ही तुमची मैत्रीण दाढीवाली आहे हे मला ठाऊक नव्हतं.”

सासूबाई क्षणभर गडबडल्या, मग त्यांनी पदर नसला तरी तोच खोचल्याचा आव आणला. “गेले मी. चोरी केली का? तिथे गेल्यापासून झोप लागतेय मला.”

“साखरेच्या गोळ्या घेताय ना?”

“त्या कशाला? विष उपसायचं आणि वरून पुन्हा ओतायचं? गळक्या होडीतलं पाणी उपसताना कुणी बादलीने भर घालतं का?”

“हे तुमचं वाक्य की त्याचं?”

“त्याचं. पण मला पटलं.” मग सासूबाई जरा मऊ झाल्या. “अगं, तो माणूस पाय हातात घेतो. पुसतो. ‘आई, दिवसभर काय करता,’ म्हणून विचारतो, आणि मी सांगते ते ऐकतोसुद्धा. तू घरी येतेस ती घड्याळ बघत. तुझा वर्ग चांगला असेल गं, पण तिथे तू आमच्याशी बोलत नाहीस, तक्त्याशी बोलतेस.”

हे सिस्टरच्या वर्मी लागलं. पिकतं तिथे विकत नाही, असं म्हणून ती इतके दिवस मनाची समजूत घालत आली होती. ती खाली बसली आणि म्हणाली, “बरं, आज मी बघते. दाखवा पाय.”

सासूबाईंनी पाय पुढे केला, आणि सिस्टरने तो उजेडाकडे वळवला. उजव्या टाचेच्या कडेला लिंबाच्या फोडीएवढा फोड टरटरून आला होता, आणि त्याची एक बाजू फुटून लाल झाली होती.

“आई, हे कधी झालं?”

“काय झालं?” सासूबाईंनी वाकून बघायचा प्रयत्न केला. “दुखत तर नाही काही.”

“तेच तर! साखरेमुळे तुमच्या पायांची जाणीव कमी झालीय. पाणी किती गरम आहे ते तुम्हाला कळतच नाही. भाजलंय हे!”

“ते म्हणाले होते, विष बाहेर पडताना कधी कधी फोड येतात,” सासूबाई म्हणाल्या. पण आता आवाजात दम नव्हता. त्यांनी बोटाने फोडाला हळूच स्पर्श केला. स्वतःच्या टाचेने आपल्याला काहीच कळवलं नाही, याचं त्यांना आता भय वाटू लागलं होतं.

डॉक्टरांनी जखम साफ केली, साखर तपासली. आकडा बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा बघितला. गोळ्या लगेच सुरू झाल्या, टबबंदी जाहीर झाली. “थोडक्यात निभावलं,” ते म्हणाले. “आणखी आठ दिवस असंच चाललं असतं तर मी एवढं हसून बोलत नसतो.” खरं तर ते आताही हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सिस्टर अध्यक्षांकडे गेली. अध्यक्षांनी तिला मानाने बसवलं, चहा दिला आणि तिचं एकही वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

“सिस्टर, तुमच्या सासूबाईंचं वाईट वाटलं. पण एखाद्या प्रवाशाला बस लागली म्हणून आपण बससेवा बंद करतो का? मी स्वतः बघितलंय. पाणी स्वच्छ होतं. पाय घातले, काळं झालं. याला विज्ञान म्हणतात!”

“साहेब, पाय न घालता काय होतं ते बघितलंत का?”

“पाय न घालता कशाला बघायचं?” अध्यक्ष मनापासून गोंधळले. “त्याने कुणाला गुण येणार?”

शिवाय त्यांनी तिला एक बातमी दिली. येत्या शनिवारी शिबिराचा समारोप होता. त्या दिवशी छोटी खोली कायमची चरणगुरूंच्या ‘शुद्धिकेंद्रा’ला द्यायची घोषणा व्हायची होती. “तुमचा वर्ग छान आहे हो,” ते समजुतीने म्हणाले. “पण त्यात काही होत नाही. माणसाला काहीतरी झालेलं दिसावं लागतं.”

सिस्टरने तरी प्रयत्न केला. त्याच सकाळी हॉलमध्ये उभी राहून तिने सगळ्यांना सांगितलं, की हा रंग लोखंडाचा आहे, गंज आहे, शरीरातलं नको ते बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, तळपायांना तसा काही मार्गच नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक आजी म्हणाल्या, “मग माझा गुडघा दुखायचा कसा थांबला?” दुसरे म्हणाले, “हिचा वर्ग रिकामा पडला ना, म्हणून.” आणि चरणगुरू तिच्याकडे पाहून इतक्या दयेने हसले, की तिला आपलीच कीव आली.

ती छोट्या खोलीत परतली तेव्हा, त्या दिवशी वर्ग नसूनही, ड्रायव्हरकाका तिथे एकटेच पेपर वाचत बसले होते. त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली.

“कुठल्या पायाला फोड आलाय?” त्यांनी विचारलं.

“उजव्या.”

“माझ्या डाव्या पायाला होता. बुटाने चावलेला, एवढासा. मलाही दुखत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं हो, की साखरेच्या माणसाने रोज तळपाय बघायचे असतात. तेव्हा असले वर्ग नव्हते.” त्यांनी डाव्या नडगीवर काठी वाजवली. टक्, टक्. पँटच्या आत गुडघ्याखाली पाय नव्हता. कृत्रिम पाय होता. केंद्रात हे एकट्या सिस्टरला माहीत होतं. बाकीच्यांना वाटे, काकांचा गुडघा अधू आहे. काकांनीही तसंच वाटू दिलं होतं, कारण ‘बिच्चारा’ हा शब्द त्यांना शिवीपेक्षा झोंबे.

“शनिवारी हा पाय मी गुरूच्या पायी घालतो,” काका म्हणाले.

सिस्टरला कळायला क्षण लागला. मग ती घाबरून म्हणाली, “नको काका! सगळ्यांना कळेल.”

“कळू दे. उद्या दुसऱ्या कुणाच्या पँटीत टक्-टक् वाजायला लागण्यापेक्षा ते बरं.” मग त्यांचा नेहमीचा चेहरा परत आला. “आणि खरं सांगू? त्या पायाला आजवर कुणी गुरूच भेटला नव्हता.”

शनिवारी हॉल ओसंडून वाहत होता. अध्यक्षांनी भाषणाचा कागद खिशात ठेवला होता आणि तो सारखा चाचपून बघत होते. सासूबाई पायाला पट्टी बांधून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. “मला बघायचंय,” एवढंच त्या सुनेला म्हणाल्या होत्या. काय बघायचंय ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि सिस्टरनेही त्यांना काही सांगितलं नव्हतं. ग्रंथपालबाईंना भिंतीकडेला, बटणाजवळची खुर्ची मिळाली होती.

“कुणीतरी जुनं, चिवट दुखणं असलेलं पुढे या,” चरणगुरूंनी पुकारा केला. “आज एका बैठकीत निकाल!”

“मी येतो,” ड्रायव्हरकाका काठी टेकत उठले. “हा डावा पाय. अगदी लाकूड झालाय बघा. उजव्याचं काही म्हणणं नाही, उजवा ठणठणीत आहे.”

“मग डावाच घाला. मोजा काढा.”

“मोजा राहू द्या, गुरुजी. आतलं बघवणार नाही तुम्हाला.”

“राहू दे, राहू दे! विषाला मोजा काय, भिंतसुद्धा अडवू शकत नाही.” चरणगुरूंनी काकांचा बूट स्वतःच्या हाताने काढून बाजूला ठेवला, मोज्यासकट पाय टबात सोडायला लावला, चेतनाक्षार टाकला आणि बटण दाबलं. पडद्याआडच्या अंधारात टबातलं पाणी हळूहळू पिवळं होऊ लागलं.

“आयुष्यभर काय काम केलंत?”

“बस चालवली.”

“वाटलंच! हा नारिंगी रंग बघा. डिझेलचा धूर! सांध्यासांध्यांत भिनलाय. याच पायाने क्लच दाबत होतात ना?”

“क्लच डाव्याच पायाने दाबतात,” काका अदबीने म्हणाले. “पण या पायाने नाही.”

लोक हसले. काका असलं काहीतरी बोलायचेच. चरणगुरूही हसले.

“लहानपणी या पायावर पडला होतात का कधी?”

“लहानपणी हा पाय माझ्याकडे नव्हता.”

“वा! म्हणजे तेव्हा तो इतका हलका होता, की आहे हेसुद्धा जाणवत नव्हतं! ऐका मंडळी, केवढा अर्थ भरलाय यात! आता सांगा, पायाला मुंग्या येतात?”

“अजिबात नाही.”

“बघा! आत्ताच थांबल्या. थंड, गरम, काही जाणवतंय?”

“काही नाही.”

“दाह शमला! काका, पाणी बघा आता, काळं झालं. हा फेस बघा, ही तुमची यकृताची मळी. हे ठिपके गोळ्यांचे. पोटरीतून कशी सळसळत खाली उतरतेय, दिसतेय का मंडळी?”

“दिसतेय!” मागून दोघंतिघं ओरडली. उभं राहूनही तिथून टबसुद्धा दिसत नव्हता.

“कसं वाटतंय, काका? हलकं?”

“अजून नाही,” काका म्हणाले. “काढला, की फार हलकं वाटतं.”

आणि त्यांनी पँट गुडघ्याच्या वर सरकवली, पट्टा सोडला, जवळ येऊन उभ्या राहिलेल्या सिस्टरच्या खांद्यावर हात टेकून उठले आणि शेजारच्या खुर्चीवर जाऊन निवांत बसले. पाय टबातच राहिला. एकटाच उभा, मोजा घालून, एखाद्या शिस्तीच्या प्रवाशासारखा. आणि पाणी मात्र आपलं काळं होतच राहिलं.

पेटीची घूंऽऽ तेवढी चालू होती. कुणीतरी पडदा सरकवला. उजेड थेट टबावर पडला. लोक एकदा टबातल्या पायाकडे बघत, एकदा काकांच्या दुमडलेल्या पँटकडे. काकांनी मान खाली घातली नाही. पण काठीवरची त्यांची बोटं घट्ट झालेली सिस्टरने पाहिली.

मग पहिल्या रांगेतून खुदकन आवाज आला. सासूबाई होत्या.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “म्हणजे प्लॅस्टिकलाही यकृत असतं!”

त्याबरोबर सगळा हॉल फुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात मारून हसायला लागली. कवळ्या सावरल्या गेल्या, चष्मे पुसले गेले, पंख्यासाठी येणारे आजोबा दचकून जागे झाले आणि काय झालं म्हणून विचारत सुटले. त्या हसण्यात ‘बिच्चारा’ म्हणायला कुणाला सवडच मिळाली नाही.

चरणगुरूंची दाढी मात्र थरथरत होती. “हसू नका! त्या पायात यांची प्राणऊर्जा उतरलेली आहे! रोजच्या सहवासाने...”

“रोजचा कुठला?” काका म्हणाले. “जुना झिजला म्हणून मागच्याच महिन्यात वर्कशॉपमधून नवा आणलाय. विष असेल तर ते वर्कशॉपवाल्याचं. त्याला बोलावू?”

“पण माणूस तर खरा होता ना बसलेला?” अध्यक्ष शेवटचा किल्ला लढवत म्हणाले. “मांडीवाटे काही आलं असेल...”

सिस्टर याच प्रश्नाची वाट बघत होती. तिने टबातला पाय काढून पुसून काकांना दिला, पाणी ओतून आली, टब आणि गुंडाळी खळखळून धुतली आणि स्वच्छ पाणी भरलं. “आता कुणीच पाय घालायचा नाही. खरा नाही, खोटा नाही.” तिने तिच्या पिशवीतून घरच्या मिठाची डबी काढली, चमचाभर मीठ टाकलं आणि पेटी सुरू केली.

“बंद करा ते!” चरणगुरू ग्रंथपालबाईंवर ओरडले. “बाई, भिंतीवरचं बटण बंद करा!”

“काय? वाढवू?” ग्रंथपालबाईंनी कानामागे हात नेला.

“बंद! बंद!”

“त्याला वाढवायचं बटणच नाही हो,” त्या दिलगिरीने म्हणाल्या आणि बटणापुढे पाठ करून नीट टेकून बसल्या. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं की त्या दिवशी त्यांनी असभ्य व्हायचं ठरवलं होतं, हे कुणालाच कळलं नाही.

पाणी पिवळं झालं. नारिंगी झालं. फेस धरला. काळे ठिपके तरंगायला लागले. टबाभोवती आता माणसांचा गराडा पडला होता आणि ती सगळी पाण्यात एकच गोष्ट शोधत होती, जी तिथे नव्हती: पाय.

“हे बघा,” सिस्टर म्हणाली. या वेळी तिच्या हातात तक्ता नव्हता. तिने पेटी बंद करून गुंडाळी पाण्याबाहेर उचलली. तिच्यावर तांबडा चिकट थर बसला होता; बोट फिरवून तिने ते बोट सगळ्यांना दाखवलं. “ही लोखंडाची आहे. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि झरझर गंजतं. रंग तो गंजाचा, ठिपके तेच. वीज पाण्यातून वायू सोडवते, त्याचे बुडबुडे येतात, तो फेस. मीठ टाकलं नाही तर वीज नीट वाहत नाही आणि पाणी बराच वेळ स्वच्छ राहतं. तेही करून दाखवते.” तिने तेही करून दाखवलं. बिनमिठाच्या पाण्यात गुंडाळी बराच वेळ ताटकळत बसली आणि पाण्यात कुणाचीच पापं उतरली नाहीत.

“मग माझा गुडघा?” त्याच आजींनी विचारलं. या वेळी आवाजात भांडण नव्हतं, खरोखर जाणून घ्यायची इच्छा होती.

“आजी, गुडघ्याला बरं वाटलं हे खोटं नाही. तुम्ही घरातून निघून इथवर चालत आलात. माणसांत बसलात. पाय ऊबेत होते, कुणीतरी आस्थेने चौकशी केली. एवढ्याने दुखणं हलकं वाटतंच. पण ते सगळं तुमचं तुम्ही केलंत. गंजाने नाही.”

या गडबडीत चरणगुरूंनी पेटी काखेत मारली होती. दुसऱ्या गावाहून तातडीचं बोलावणं आल्याचं ते दाराकडे सरकता सरकता सांगत होते. अध्यक्ष त्यांच्या मागे धावले. लोकांना वाटलं, निरोपाचे दोन शब्द बोलतील. पण अध्यक्षांनी त्यांना दारातच अडवून विचारलं, “ते जाऊ द्या, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तुम्ही बंद करायला लावल्यात, त्या आता पुन्हा सुरू करू का नको?”

हॉलमधले बाकीचेही एकाएकी गंभीर झाले. कारण तो प्रश्न एकट्या अध्यक्षांचा नव्हता. कुणी साखरेची गोळी सोडली होती, कुणी हृदयाची, एकाने तर थायरॉइडची गोळी घरातल्या झाडाला घातली होती. चरणगुरूंनी काखेतली पेटी सावरली आणि दार ढकललं. ते निघून गेले तेव्हा त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. सगळे सिस्टरभोवती जमा झाले होते.

तिला त्या क्षणी चार खडे बोल सुनावता आले असते. ते तिच्या ओठांवर होतेही. पण समोरचे चेहरे शाळेत चोरी पकडली गेलेल्या मुलांसारखे झाले होते, आणि त्या मुलांचं वय सत्तरीच्या पुढे होतं. तिने एकेकाचा रक्तदाब मोजला, कुणाची कुठली गोळी सुटली ते विचारून घेतलं आणि प्रत्येकाला डॉक्टरांकडे कधी जायचं ते सांगितलं. अध्यक्षांचा रक्तदाब बघून तर तिने त्यांना त्याच वेळी रिक्षात बसवलं. जाता जाता त्यांनी भाषणाचा कागद तिच्या हातात कोंबला. “फाडून टाका,” ते म्हणाले, “आणि गुरूविरुद्ध तक्रार लिहा आरोग्य खात्याकडे. पहिली सही माझी.”

पुढच्या आठवड्यात छोटी खोली पुरली नाही. वर्ग मोठ्या हॉलमध्ये भरला. सिस्टरने तक्ते घरीच ठेवले होते. तिने खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि जोड्या लावल्या. प्रत्येकाने समोरच्याचे तळपाय बघायचे. भेग, फोड, लाली, बोटांच्या बेचक्या. आधी बरीच लाजालाज झाली, गुदगुल्यांच्या तक्रारी आल्या. मग ड्रायव्हरकाका म्हणाले, “माझा एकच बघायचाय, तेव्हा बदल्यात मी दोघांचे बघतो,” आणि लाज संपली. त्यांनी त्या दिवशी आपल्या बुटाने चावलेल्या फोडाची गोष्ट सगळ्यांना सांगितली. आधी रडू येईल अशी, मग हसू येईल अशी. सिस्टरच्या दहा तक्त्यांनी झालं नसतं ते त्या गोष्टीने झालं. एका आजोबांच्या बोटांच्या बेचकीत त्याच दिवशी जखम सापडली आणि वेळेत सापडली.

पाय बघून झाल्यावर सिस्टर मधोमध उभी राहिली.

“मी यापुढे तुमच्याशी भांडणार नाही,” ती म्हणाली. “पुन्हा कुणीतरी येईल. त्याच्याकडे टब नसेल, दुसरं काहीतरी असेल. तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी घडवून दाखवेल, आणि ते घडलेलं अगदी खरं असेल. तेव्हा माझी आठवण काढू नका, फक्त एक प्रश्न विचारा: मी इथे नसतो, तरी हे असंच घडलं असतं का? तो माणूस खरा असेल तर हसत करून दाखवेल. रागावला, तर तुम्ही चपला घाला. आणि कुणीही, अगदी मीसुद्धा, तुमची चालू गोळी एका शब्दात बंद करायला सांगितली, तर आधी कारण विचारा. विचारायला वय आड येत नाही. उलट, आता तुम्हाला कुणाला घाबरायचं राहिलंय?”

“सुनांना,” सासूबाई म्हणाल्या.

हशा ओसरल्यावर सिस्टरने एकेकाला विचारलं, की त्यांना आपले पाय पुढे कशासाठी हवेत. असं त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. एकजण म्हणाले, कुणाचा हात न धरता बसमध्ये चढायला. गुडघेवाल्या आजी म्हणाल्या, बाजारात स्वतः भाजी निवडायला, कारण लेक नेहमी जून आणतो. अध्यक्ष, आता गोळ्यांवर आणि बरेच नम्र, म्हणाले, रोज सकाळी एक फेरी मारायला.

शेवटी सासूबाईंची पाळी आली. टाचेवरची पट्टी आता लहान झाली होती. त्यांनी थोडा विचार केला आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, “भांडण झालं, की तरातरा घराबाहेर निघून जाता यावं, म्हणून. आणि राग गेला, की आपल्याच पायांनी परत येता यावं, म्हणून.”